पापारिगोपुलोसने जोडलेली हजार वर्षं

ग्रीस म्हटलं की आपल्याला सॉक्रेटिस, पार्थेनॉन, अलेक्झांडर आठवतात आणि मग एकदम सँटोरिनीचे फोटो. मधली दोन हजार वर्षं गायब. एकेकाळी शिकलेल्या ग्रीकांच्या डोक्यातही साधारण असंच होतं. ती पोकळी कॉन्स्टंटिनोस पापारिगोपुलोस नावाच्या इतिहासकाराने भरली. आधुनिक ग्रीक राष्ट्र घडवण्यात त्याचा वाटा एखाद्या सेनापतीइतका आहे, असं माझं मत आहे.

जन्म १८१५ चा, इस्तंबूलचा. १८२१ मध्ये ग्रीकांचा तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा ऑटोमन सत्तेने त्याच्या वडिलांना ठार केलं. पुढे हा अथेन्सला न्यायखात्यात लागला, आणि १८४५ मध्ये नोकरी गेली. का, तर जन्म नव्या ग्रीक राज्याच्या हद्दीबाहेरचा! ग्रीकांचा इतिहास लिहायला निघालेला माणूस सरकारी हिशेबात उपरा.

त्याच्या आधीच, १८३० मध्ये, फाल्मरायर या जर्मनभाषक विद्वानाने आग लावून ठेवली होती: आजच्या ग्रीकांत प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही, हे सगळे स्लाव्ह आणि अल्बेनियन. युरोपने सहानुभूती, कर्ज, आरमार दिलं होतं ते पेरिक्लिसच्या, म्हणजे प्राचीन अथेन्सच्या त्या थोर नेत्याच्या, वारसांना. वारसच खोटे निघाले तर? अथेन्स चवताळलं नसतं तरच नवल.

पापारिगोपुलोसने १८६० ते १८७४ दरम्यान खंडच्या खंड लिहून उत्तर दिलं. कोराईससारख्या आधीच्या ग्रीक विद्वानांना बायझंटाईन काळ, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची मध्ययुगातली हजारेक वर्षं, म्हणजे अंधार वाटायचा. याने त्यालाच पूल केला. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, सगळं एकच अखंड राष्ट्र. कॉन्स्टँटिनोपलपर्यंतच्या, म्हणजे इस्तंबूलपर्यंतच्या, मोठ्या ग्रीसचं स्वप्न राजकारणी १८४४ पासून बोलून दाखवत होतेच. त्याला आता इतिहासाचा आधार मिळाला. हुशारी वादातीत आहे. पण खटकतं ते हे, की रक्ताच्या भाषेत केलेल्या आरोपाला त्याने सातत्याच्या भाषेत उत्तर दिलं आणि 'वारसा सिद्ध करायलाच हवा' ही अट मात्र मान्य करून टाकली.

सामान्य माणसाला ती अट ठाऊक तरी होती का? पीटर खारानिस हा बायझंटाईन इतिहासाचा अभ्यासक लेम्नोस बेटावरचा. तो लहानपणची आठवण सांगायचा. १९१२ मध्ये ग्रीक सैनिक बेटावर उतरले, पोरं बघायला धावली. सैनिकांनी विचारलं, काय बघताय? पोरं म्हणाली, हेलेनिस (म्हणजे ग्रीक) लोक बघतोय. मग तुम्ही हेलेनिस नाही का? नाही, आम्ही रोमन!

आणि ग्रीस-तुर्कस्तानमधल्या १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीत तर रक्तही पाहिलं नाही, भाषाही नाही. पाहिला फक्त धर्म. ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात गेले, आणि कॅपाडोशियातली तुर्की बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं 'मायदेशी' ग्रीसला आली. तिथल्या लोकांनी या निर्वासितांना शिवी काय द्यावी? 'तुर्कांची अवलाद'.