फुंकर कोणाची?

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचा, शांत राहून वाट पाहायचा काळ, असं दरवर्षी चर्चमध्ये ऐकतो आणि मान डोलावतो. मान डोलावताना माझा एक हात धाकट्याच्या कॉलरमध्ये असतो, कारण तो बाकाखालून पुढच्या रांगेकडे निघालेला असतो.

यंदा ठरवलं, घरी सगळं रीतसर करायचं. हिरव्या डहाळ्यांचं चक्र, त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची, रोज संध्याकाळी वाचन, मग प्रार्थना. बायको म्हणाली, "कर की. आगपेटी मात्र माझ्याकडे राहील."

पहिली अडचण गणिताची निघाली. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ एखाद्या वर्षी २८ दिवसांचा, तर एखाद्या वर्षी २२चा. मुलांचं खिडक्यांचं कॅलेंडर, रोज एक खिडकी उघडून आतलं चॉकलेट खायचं ते, मात्र असल्या भानगडीत पडत नाही. ते १ डिसेंबरला सुरू होतं आणि २४ला संपतं. यंदा रविवार आला ३० नोव्हेंबरला. थोरलीनं विचारलं, "आज सुरू झालं म्हणता, मग आजचं चॉकलेट कुठंय?" मी तारखा कशा ठरतात ते समजावायला बसलो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एक चॉकलेट कमी."

हे छापील कॅलेंडर घरोघरी पोचवण्याचं श्रेय म्यूनिकच्या गेरहार्ड लांगला देतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. तो लहान असताना त्याची आई पुठ्ठ्यावर २४ खाऊ लावून द्यायची, रोज एक काढायचा, असं सांगतात. ती बाई शहाणी. पुठ्ठा उघडा असला की एक जरी खाऊ गेला तरी लांबून दिसतो. दारं नंतर आली, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. आमच्या घरी एकच कॅलेंडर आहे, दोघांत मिळून, एक दिवस हिचा आणि एक दिवस त्याचा. रात्री मुलं झोपली की मी ते उचलून कपाटाच्या वर ठेवतो. कुणीतरी जबाबदारी घ्यायलाच हवी.

वाचनासाठी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान धरलं, म्हणजे येशूची जीवनकथा. त्यात अध्याय २४, रोज एक वाचला की २४ डिसेंबरला पुस्तक पूर्ण. ही युक्ती मला फार आवडली होती. पहिल्याच संध्याकाळी कळलं की पहिल्या अध्यायात ८० वचनं आहेत. विसाव्या वचनात देवदूताच्या बोलण्यावर विश्वास न ठेवल्यामुळे म्हाताऱ्या जखऱ्याची वाचा जाते आणि मूल होईपर्यंत तो मुका राहतो. तिथे बायकोनं मला थांबवलं. "हे परत वाच," ती म्हणाली. पंचविसाव्या वचनाला धाकटा टेबलाखाली गेला, पन्नासाव्याला थोरली. उरलेली ३० वचनं मी टेबलावरच्या बरण्यांना ऐकवली.

दुसऱ्या संध्याकाळी दुसरा अध्याय. बाळ जन्मलं, गव्हाणीत ठेवलं, मेंढपाळ आले. धाकटा ताडकन उठला. "जन्मला! झाला की नाताळ! भेटी कुठायत?" तारीख होती २ डिसेंबर. मी पुढचा हिशेब मनातल्या मनात केला. या वेगानं २३ तारखेला येशू क्रूसावर जाणार होता आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी कबरीतून उठणार होता. लूक मिटून ठेवला.

मेणबत्त्यांची कथा वेगळी. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न निराधार मुलांचं वसतिगृह चालवत होता. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? त्या भुणभुणीला उत्तर म्हणून त्यानं गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची, म्हणजे पोरांनी मोजावं आणि विचारू नये. त्याच्याकडे घरभर मुलं होती, माझ्याकडे दोन आहेत. पेटवलेल्या मेणबत्त्या विझवायचा मान तो कुणाला द्यायचा, देव जाणे.

आमच्याकडे पेटवण्याबद्दल वाद नाही, आगपेटी कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. भांडण फुंकरीचं. थोरलीनं कागदावर मांडून दाखवलं. चार रविवार, एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, एकूण १० फुंकरी, प्रत्येकी ५. हे तत्त्व मान्य झालं. पण पहिल्या रविवारी मेणबत्ती एकच आणि तोंडं दोन. "एक, दोन, तीन"च्या दोनलाच धाकट्यानं फुंकर घातली. त्याच्या फुंकरीत वारा कमी आणि थुंकी जास्त असते. ज्योत आडवी झाली, परत उभी राहिली, आणि वितळलेल्या मेणाचा एक टपोरा जांभळा थेंब उडून दुसऱ्या दिवसासाठी उघडून ठेवलेल्या लूकवर पडला. जखऱ्याच्या नावावरच. नखानं खरवडून काढला, तरी पानावर तेलकट डाग राहिलाच आहे.

त्याच्याही आधी गुलाबीचं प्रकरण झालं होतं. चक्रावर तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी. जांभळा रंग पश्चात्तापाचा. गुलाबी तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या. धाकट्याला पहिल्या दिवशीच गुलाबी हवी होती. मी म्हटलं, "आधी जांभळी. आधी पश्चात्ताप, मग आनंद."

"पश्चात्ताप म्हणजे?"

"आपलं काय चुकलं ते आठवून सॉरी म्हणायचं."

"सगळं म्हटलं की गुलाबी?"

मी बेसावधपणे मान हलवली. त्यानं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि सुरू झाला. सॉरी, मी ताईचं खोडरबर कमोडमध्ये टाकलं. सॉरी, मी सोफ्याच्या मागे भिंतीवर जिराफ काढलाय. (बायको जाऊन बघून आली. जिराफ होता. मोठा होता.) सॉरी, पप्पांचा चष्मा आपोआप नाही मोडला, मी त्यावर उभा राहिलो होतो. या चष्म्याच्या दांडीवरून मी दुकानदाराशी आवाज चढवून भांडून आलो होतो आणि त्यानं बिचाऱ्यानं ती फुकट बदलून दिली होती.

एवढं करून पेटली जांभळीच. धाकट्यानं भोकाड पसरलं. "मग माझे सॉरी परत द्या!"

१४ डिसेंबर, तिसरा रविवार. पहिली जांभळी एव्हाना निम्मी झाली होती, गुलाबी मात्र कोरी करकरीत. प्रार्थनेआधी कॅलेंडर खाली काढलं. पाळी थोरलीची. तिनं १४ची खिडकी उघडली, आत बोट घातलं, मग कॅलेंडर उलटं करून हलवलं. काहीच पडलं नाही.

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

"मी नाही," तो म्हणाला. "माझ्याकडचे सगळे सॉरी संपलेत."

बायकोनं पेटवायला काढलेली काडी परत पेटीत ठेवली आणि कपाटाच्या वरच्या फळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काय जखऱ्या," ती म्हणाली, "वाचा गेली का?"

मी घसा खाकरला. धाकट्यानं तोवर गुलाबी मेणबत्ती दोन्ही हातांनी झाकून घेतली होती.

"पप्पा," तो म्हणाला, "आधी जांभळी."