'बोर्डानं लिहिलं, विषय संपला' म्हणे!

वहिनींनी परवा मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊजी, मग आता कागद काढायला नकोत ना?" मेसेज वाचून डोकंच फिरलं. कागल, गडहिंग्लज, शिरोळकडच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर तो धडाधड फिरतोय आणि आता बायकांच्या बचत गटांपर्यंत पोचलाय. त्यात अपंगत्व पेन्शनबद्दल म्हटलंय ते असं: मेडिकल बोर्डाने, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व सेवेमुळे नाही असं लिहिलं की तो निर्णय अंतिम. अपील केलं तर चालू पेन्शनही बंद होते. क्लेम नाकारल्यावर 6 महिने उलटले की हक्क बुडाला. जवान वारला की त्याच्याबरोबर त्याचा क्लेमही गेला. आणि शेवटी, आता कोल्हापुरात खंडपीठ झालंय, मुंबईची गरज नाही, खाली दिलेल्या नंबरवर फोन करा, मिळालेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांवर 'खात्रीशीर काम'. म्हणजे आधीच्या चार मुद्द्यांत काही होत नाही, आणि पाचव्यात खात्रीशीर होतं!

मी वकील नाही. फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे या कागदांची भाषा तेवढी कळते.

पहिला मुद्दा सगळ्यात घातकी, कारण तो वाचून माणूस घरीच बसतो. वहिनींचे यजमान, आमचे दादा, आता नाहीत. त्यांच्या रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचा कागद, फॉर्म एएफएमएसएफ-16, माझ्यासमोर आहे. भरतीच्या वेळी पूर्ण फिट. आजार प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे उच्च रक्तदाब, अपंगत्व 30 टक्के, आयुष्यभरासाठी. पुढे 'सेवेमुळे झाला का' याला उत्तर 'नाही', आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ, की आजार सुरू झाला तेव्हा पोस्टिंग पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागात होतं. त्याआधी काश्मीरच्या सीमेवर कुपवाड्यात काढलेली वर्षं बोर्डाच्या हिशेबातच नाहीत. एवढ्या एका ओळीवर पुढे क्लेम नाकारल्याचं पत्र आलं आणि दादा गप्प बसले.

आता धरमवीर सिंग यांचं प्रकरण बघा. सिग्नल कोअरचा जवान, 1985 साली भरती, फिट येण्याचा (अपस्माराचा) आजार निघाला म्हणून 1994 मध्ये बोर्ड आऊट, म्हणजे आजारपणामुळे सेवेतून बाहेर. 20 टक्के अपंगत्व, आणि बोर्डाचा शेरा तोच, सेवेशी संबंध नाही, आजार प्रकृतीतलाच. हिमाचल उच्च न्यायालयात एकदा जिंकला, तिथल्याच दोन न्यायाधीशांपुढे हरला, शेवटी 2 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायालयाने काय सांगितलं? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरून चालायचं. पुढे तब्येतीमुळे सेवेतून बाहेर काढावं लागलं तर ती बिघडली सेवेमुळे, असंच मानायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही, आणि शंका राहिली तर फायदा त्यालाच. पुढची कितीतरी प्रकरणं याच निकालावर सुटलीत. 2014 च्या राम अवतार निकालाने तर दादांसारख्या पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेण्याचा लाभ दिला, म्हणजे 30 चे 50 धरायचे. आणि बोर्डाचा शब्द अंतिमच असता तर सरकारने पहिलं अपील, दुसरं अपील अशा दोन पायऱ्या ठेवल्या असत्या कशाला?

एक मान्य करतो. सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले, ते जवानाला पूर्वीइतके सोयीचे नाहीत. पण ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी. दादा निवृत्त झाले 2016 ला.

अपील केल्याने पेन्शन बंद होते, ही निव्वळ भीती घालायची गोष्ट. सर्व्हिस पेन्शन नोकरीच्या वर्षांची, तिला कुणी हात लावत नाही. हां, तुम्ही होऊन 'माझी टक्केवारी पुन्हा तपासा' म्हणालात तर नवं बोर्ड आकडा खालीही आणू शकतं. दादांच्या प्रकरणात भांडण टक्केवारीचं नाहीच.

6 महिन्यांची मुदत खरी आहे, हक्क बुडतो हे खोटं. उशिराचं कारण दिलं तर तो माफ होऊ शकतो. आणि पेन्शन दर महिन्याची असते, तेव्हा ती नाकारणं हाही दर महिन्याचा अन्याय. तरसेम सिंग 1983 ला बाहेर पडले आणि कोर्टात गेले 1999 ला, तरी पेन्शन मिळाली. कापली गेली ती थकबाकी. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती अर्जाच्या मागच्या 3 वर्षांपुरतीच ठेवली. आता वहिनींचा हिशेब करा. दादांना जाऊन दीड वर्ष झालं. आज अर्ज केला तर त्या 3 वर्षांतलं त्यांच्या हयातीतलं दीडच वर्ष उरतं, आणि दर महिन्याला त्यातला एक महिना गळतोय. असला मेसेज वाचून वर्षभर थांबल्या तर हातात काय राहणार? म्हणून मला राग आलाय.

जवानाबरोबर क्लेम जातो म्हणणाऱ्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा, म्हणजे फौजेतल्या सेवेचे आणि पेन्शनचे वाद जिथे चालतात त्याचा, 2007 चा कायदा उघडून कलम 2 तरी वाचायचं होतं. निवृत्त सैनिकाबरोबर त्याच्यावर अवलंबून असणारे आणि वारस हे शब्द तिथे स्पष्ट आहेत.

खंडपीठाचं म्हणाल तर, 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडे सुरू झालंय, आणि न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं हेही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. पण पहिलं दार न्यायाधिकरणाचंच, आणि महाराष्ट्रासाठी ते मुंबईतच आहे. ते टाळून थेट इथे कागद नेलात तर आधी तिकडे जा असंच ऐकायची तयारी ठेवा.

राहिला तो टक्क्यांवाला नंबर. वकिलाने निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणं बार कौन्सिलच्या नियमांनाच मंजूर नाही. मी फोन करून "तुम्ही वकील का?" विचारलं. "आम्ही कन्सल्टंट आहोत," म्हणाला. वकिलीच्या सनदेचा नंबर मागितल्यावर लाइन कट.

वहिनी, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कायद्यानेच. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज द्यायचा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नकाराचं पत्र, दादांचा मृत्यूचा दाखला आणि हा बोर्डाचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. नकाराचं पत्र सापडलं नाही तर रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागवू. रविवारी येतो, सह्या तेवढ्या लागतील.