तुमच्या वडिलांच्या वॅडकिन मशीनच्या भावाबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार दिलात आणि तीन गोष्टी लिहिल्यात. वडिलांच्या वॅडकिनच्या टेबल सॉला, म्हणजे लाकूड कापायच्या गोल पात्याच्या मशीनला, परदेशी वेबसाइटवर दोन लाख मागतात आणि जुनी मशीन घेऊन विकणाऱ्या आम्ही ४५ हजार सांगितले. तपासताना आम्ही रंग खरवडला. आणि आमच्याकडचा मुलगा तुमच्या आईंसमोर ‘भंगार आहे, किलोवर जाईल’ असं बोलला.

शेवटची गोष्ट आधी घेतो. तो असं बोलला हे खरं आहे. मी तिथेच होतो, पण फोनवर होतो आणि त्याला तिथल्या तिथे टोकलं नाही. ज्या मशीनवर तुमच्या वडिलांनी संसार उभा केला, त्याबद्दल त्यांच्या शेडमध्ये उभं राहून असं बोलायचं नसतं. आईंची मी मनापासून माफी मागतो. त्या मुलाला घेऊन घरी येऊन मागायचीही तयारी आहे. शिवाय तो शब्द खोटाही होता. मशीन भंगार असतं तर मी ४५ हजार सांगितलेच नसते.

आता भावाचं. वॅडकिन ही १८९७ साली इंग्लंडात लेस्टरला सुरू झालेली कंपनी, आणि तुमचं एजीएस १० हे त्यांचं दहा इंची पात्याचं मॉडेल. अशी मशीन हाताखालून गेली की मलाही आनंद होतो. टेबलावर जो गंज होता त्याचा एक रुपयाही आम्ही कापलेला नाही. तो वरवरचा आहे, रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन एका दुपारी निघेल. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्ती, सरकवून पाहिला, टेबल सपाट निघालं. इतक्या वर्षांच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, हे मोठं सर्टिफिकेट आहे आणि ते भावात धरलं होतं.

पैसे मुख्यतः कापले गेले ते दोन ठिकाणी. पात्यामागच्या फ्लँजला, म्हणजे पातं जिला टेकतं त्या चकतीला, बारीक फरक दाखवणारा डायल गेज लावून शाफ्ट, म्हणजे पात्याचा दांडा, हाताने सावकाश फिरवला, तेव्हा तुम्ही शेजारी होता. काटा पंधरा घरं सरकला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वाचायला हे काहीच वाटत नाही, पण पात्याचा घेर फ्लँजच्या साधारण चौपट आहे, त्यामुळे दातांपाशी हाच फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. ३.२ मिलिमीटरचा काप ३.८ पर्यंत रुंदावतो, आणि सागवानाच्या कडेला काळे जळके डाग पडतात. तुमच्या शेडमध्ये भिंतीला टेकवलेल्या दोन फळ्यांवर तसेच डाग होते. शाफ्ट वरखाली करून पाहिला तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, जवळपास नव्हता. म्हणजे नुसत्या बेअरिंग बदलून भागणार नाही, शाफ्टलाच हात घालावा लागेल.

दुसरं ठिकाण टेबलाखाली आहे. पातं तिरकं करणारा तिथला बिडाचा भाग मी हातोडीने हलकेच वाजवला. चांगलं बीड खणखणीत वाजतं. हे एका बाजूला बद्द वाजलं, फुटक्या मडक्यासारखं. म्हणून तिथला रंग खरवडला, रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू घासला. खडूवर हळूहळू एक ओली रेघ उमटली, बोटभर लांब. चिरेत मुरलेलं रॉकेल असं बाहेर येतं. पूर्वी कोणीतरी तिथे वेल्डिंग करून वर हिरवा रंग मारला होता. चीर शोधायला रंग काढावाच लागतो, पण तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ते मी केलं नाही, ती चूक माझी. तेवढ्या जागेचा रंग आम्ही आमच्या खर्चाने लावून देतो, मशीन आम्हाला विका अथवा नका विकू.

हिशेब तेव्हाच कागदावर द्यायला हवा होता. तो आता देतो. हेच मशीन पूर्ण दुरुस्त होऊन चालू स्थितीत आमच्याकडे १ लाख १० हजारांना जातं. शाफ्ट आणि बेअरिंग १४ हजार, बिडाचं वेल्डिंग ९ हजार, मोटर भरणं ७ हजार, क्रेन आणि टेम्पो ६ हजार. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ आणि वरचं गार्ड जागेवर नाही, ते बनवून घ्यायला ८ हजार. एकूण ४४. उरले ६६. त्यातून तुम्हाला ४५ आणि आमच्याकडे २१, ज्यात सहा महिन्यांची गॅरंटी, फरकावरचा जीएसटी, जागाभाडं आणि आमचा नफा. नफा घेतो हे लपवत नाही, त्यावरच दुकान चालतं.

गार्डच्या आठ हजारांवर तुम्ही तिथेच हरकत घेतली होती, वडिलांनी कधी ते वापरलंच नाही म्हणून. तरी मी ते धरणारच. कापताना लाकूड मागून आवळलं की पात्याला चिकटतं आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकलं जातं. रायव्हिंग नाइफ ती फट उघडी ठेवतो. तो बसवल्याशिवाय आमच्या दुकानातून टेबल सॉ बाहेर जात नाही.

वेबसाइटवरचे दोन लाख हा मागितलेला भाव आहे, झालेला सौदा नाही. आणि बरीच अशी मशीन तिकडे दुरुस्त होऊन, ब्रेक बसवून विकतात, कारण इंग्लंडात कामाच्या वर्कशॉपमध्ये सॉ बंद केल्यावर १० सेकंदांत थांबावा लागतो. एका बाबतीत मात्र तुमचं मशीन इथेही नशीबवान आहे. इंग्लंडची वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची, म्हणून मूळ मोटर इथे पूर्ण वेगाने चालते. अमेरिकेहून आलेली मोटर ६० हर्ट्झची, ती इथे सहाव्या हिश्श्याने मंद पडते.

तरी एक मोकळेपणाने सांगतो. आम्ही घेणारे आहोत, त्यामुळे आमचा भाव हा नेहमी घेणाऱ्याचाच भाव राहणार. तुम्हाला घाई नसेल तर स्वतः वापरणारा सुतार शोधा, थ्री-फेज कनेक्शन असलेला. दोष दाखवून, आहे त्या स्थितीत विकलंत तरी तो ५५-६० देऊ शकतो, कारण त्याला गॅरंटी आणि दुकानाचं भाडं धरायचं नाही. तपासणीचा कागद आणि खडूवरच्या रेघेचा फोटो आज तुम्हाला व्हॉट्सॲप करतो. तो कोणालाही दाखवा, आमच्या शेजारच्या दुकानदारालाही. आमचे ४५ महिनाभर कायम आहेत.

तोवर दोन गोष्टी पाळा. पातं तिरकं करून मशीन चालू करू नका, त्या चिरेवर सगळा भार येतो. आणि शेडच्या उजव्या कोपऱ्यात पोत्याखाली लाकूड सरळ सरकवायचा जो लांब गाईड पडला आहे तो याच मशीनचा, मूळचा आहे. सुटा विकत घ्यायला गेलात तर सहज मिळत नाही. आवराआवरीत तो भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका.