क्यू विमानात हातात का नेऊ नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विमानप्रवासात क्यू, म्हणजे स्नूकर-बिलियर्ड्स खेळायची लाकडी काठी, कशी न्यावी या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया लिहिलीत. एवढा विचार करून कुणी लिहिलं की दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा: ज्याचा आपल्या क्यूवर जीव आहे तो ती लोडरच्या हवाली करत नाही, इंग्लंडचे प्रोफेशनल खेळाडू क्यू खांद्याला लावून विमानात चढतात, तुम्ही स्वतः गोड बोलून ती केबिनमध्ये नेलेली आहे, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीनं लाकूड वाकतं, आणि मी सुचवलेली हार्ड केस ही पैसेवाल्यांची चैन आहे, क्लबात तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या पोरांनी ती कुठून आणायची?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतोच. आधी केबिन.

इंग्लंडबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ब्रिटनच्या सरकारी यादीत स्नूकर, पूल आणि बिलियर्ड्सची क्यू हातातल्या सामानात चालते. क्रिकेटची बॅट आणि गोल्फ क्लब मात्र चालत नाहीत. पण हा नियम ब्रिटनच्या विमानतळावरून निघणाऱ्यांसाठी. अमेरिकेत क्यू केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानातच द्यावी लागते. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरोची जी मनाई यादी आहे, तिच्यात बॅट, हॉकी स्टिक, गोल्फ क्लब यांच्या रांगेत पूल क्यूसुद्धा आहे. म्हणजे मँचेस्टरहून येताना हातात आणलेली क्यू मुंबईहून परत जाताना अडणार. खेळाडू तोच, काठी तीच, फक्त विमानतळ बदलला.

तुमची क्यू गेली, कारण त्या दिवशी सिक्युरिटीवरच्या माणसानं जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस असतो. आमच्या क्लबातला एक मुलगा राज्याच्या संघातून खेळायला निघाला होता. सिक्युरिटीवर क्यू अडली. परत चेक-इन काउंटरवर जा म्हणाले, तोवर काउंटर बंद झालेलं. सोडायला आलेला भाऊ अजून बाहेरच होता म्हणून क्यू घरी तरी पोचली, पण पोरगा स्पर्धेत तिथल्या क्लबची स्टँडवरची काठी घेऊन खेळला. पहिल्याच सामन्यात लाँग पॉट, म्हणजे लांबून चेंडू खिशात घालायचे फटके, सुटत गेले. परत आल्यावर तो मला म्हणाला, ‘हरल्याचं सोडा, पण चेंडूला क्यू लागल्याचं हाताला कळतच नव्हतं.’ मी केबिनच्या विरोधात एवढा हट्टानं लिहितो तो यासाठी. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या सामानाच्या कप्प्यात, दिलेली क्यू मोडू नये याची तयारी आपल्याला घरी बसून करता येते. सिक्युरिटीवर अडलेल्या क्यूचं काहीच करता येत नाही.

आता थंडी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान असतं, हे बरोबर. पण प्रवासी विमानाचा सामानाचा कप्पा बाहेरच्या हवेला उघडा नसतो. केबिनमध्ये जो दाब, तोच तिथे. लोकांची कुत्रीमांजरं तिथूनच प्रवास करतात. लाकूड वाकतं ते ओलाव्यामुळे, आणि तेही एका बाजूनं जास्त सुकलं किंवा जास्त ओलं झालं तर. गुंडाळून बंद केलेल्या क्यूला काही तासांत तेवढी संधी मिळत नाही. मला विमानापेक्षा विमानतळावरच्या उन्हाची धास्ती जास्त. मे महिन्यात नागपूरला किंवा दोह्याला काळी बॅग ट्रॉलीवर तापत पडली, तर टिप (क्यूच्या टोकाचं चामड्याचं बोंड) आणि फेरुल (त्याखालचं कडं) यांच्याखालचा गोंद सैल होऊ शकतो. आणि त्याहून जास्त धास्ती मुक्कामाची: मुंबईच्या पावसाळ्यातून निघालेली अ‍ॅशच्या लाकडाची, नुसतं तेल दिलेली स्नूकर क्यू कोरड्या एसी हॉलमध्ये पोचते तेव्हा. लॅकर दिलेला पूलच्या क्यूचा मेपल लाकडाचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) जरा तग धरतो. म्हणून मुक्कामी पोचल्यावर केस लगेच उघडू नका. रात्रभर खोलीत आडवी ठेवा, एसीच्या झोतापासून लांब. भिंतीला टेकवून तर कधीच नको.

मग क्यू मोडते कशानं? या बाबतीत मूळ लेखात मी थोडक्यात आटोपलं होतं, इथे नीट लिहितो. एक कारण म्हणजे मधोमध पडणारा भार. लांब वस्तू दोन बॅगांवर पुलासारखी आडवी पडते आणि तिच्यावर तिसरी, वीस-बावीस किलोची बॅग येते. कापडी किंवा रेक्झिनच्या कव्हरात तो सगळा भार थेट लाकडावर जातो. दुसरं म्हणजे टोकावर आपटणं. केस उभी पडली की आतली क्यू घसरते आणि फेरुलवर आदळते. आणि मोडण्याची आवडती जागा म्हणजे जॉइंटच्या (क्यूचे दोन तुकडे जोडणाऱ्या पितळी सांध्याच्या) शेजारचं लाकूड. पितळ वाकत नाही, लाकूड वाकतं, त्यामुळे सगळा ताण त्या सीमेवर गोळा होतो. क्लबातल्या एका थ्री-क्वार्टर क्यूला (हिचा जोड मधोमध नसून मागच्या टोकाकडे असतो) मी हे जवळून पाहिलं आहे. वरून काही दिसत नव्हतं, पॉलिश शाबूत. शाफ्टवरून कापसाचा बोळा फिरवला, तर जॉइंटपासून चार बोटांवर कापसाचे तंतू अडकले. तिथे नखालाही न लागणारी चीर होती. दुसऱ्या दिवशी ब्रेक, म्हणजे डावातला पहिला फटका, मारताना क्यूतून घरघर आली आणि चीर उघडली. प्रवासानंतर पहिला शॉट मारण्याआधी हा कापूस फिरवाच, आणि बट (क्यूचा मागचा जाड भाग) डोळ्याशी धरून शाफ्टवरून नजर टाका.

आता पैशांचं. क्यू मौल्यवान असते ती किमतीमुळे नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्नूकरचा नामवंत खेळाडू स्टीफन हेंड्री याची क्यू अगदी स्वस्तातली होती. 1990 मध्ये ती चोरीला गेली तेव्हा ती परत मिळावी म्हणून 10,000 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. तीच क्यू घेऊन 1990 ते 1999 मध्ये त्यानं सात जागतिक विजेतेपदं मिळवली. 2003 मध्ये ती क्यू विमानप्रवासात मोडली, दुरुस्तीपलीकडे. तुम्ही म्हणाल, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. पण होल्डमध्ये क्यू मोडते हे मी नाकारत नाहीच. म्हणून तर कवच हवं म्हणतो. आणि ते कवच स्वस्तात होतं.

हार्डवेअरच्या दुकानात ड्रेनेजचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप मिळतो. थ्री-क्वार्टर स्नूकर क्यूचा लांब भाग साधारण 42 इंचांचा. दोन्ही टोकांना तीन-तीन इंच फोम धरला की 48 इंच, म्हणजे 122 सेंटिमीटर लांबीचा तुकडा पुरतो. तीन मीटरच्या एका पाईपात दोघांचं काम होतं, खर्च वाटून घ्या. खाली साधी कॅप सोल्यूशननं चिकटवा, वर मात्र आट्यांचं झाकण लावा. दोन्ही टोकं कायमची बंद केलेला पाईप एक्स-रेवर कसा दिसेल याचा विचार करा. सुरक्षावाल्यांना तो उघडता आला पाहिजे, नाहीतर तुमचं सामान मागेच राहील. बाहेर मार्करनं मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि हिंदीत, ‘बिलियर्ड्सची काठी’ असं लिहा, खाली नाव आणि फोन नंबर.

आत काय? शाफ्ट आणि बट वेगवेगळे गुंडाळा, जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या उत्तम. दोन्ही बाजूंच्या जॉइंटना पितळी कॅप, टिपवर रबरी टोपी. टोकाचा फोम असा कापा की दाब शाफ्टच्या अंगावर यावा, टिपवर नव्हे. पाईप उभा-आडवा हलवून बघा; आतून जराही आवाज आला तर अजून कापड भरा. एक्स्टेन्शन, मिनी-बट (क्यू लांब करायचे जोडतुकडे) आत सुटे टाकू नका, तेच शाफ्टला खोक पाडतात. चॉक आणि जादा टिपा खिशात किंवा हातातल्या बॅगेत.

122 अधिक 11 अधिक 11, म्हणजे 144. बऱ्याच कंपन्यांची लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटरची जी मर्यादा असते, तिच्या आत. अखंड 58 इंची क्यूचं मात्र तसं नाही. तिचा पाईप दीडशेच्या पुढे जातो आणि बेरीज 170 ओलांडते, तेव्हा आधी फोन करून विचारा. मधोमध जोड असलेली पूलची क्यू असेल तर पाईपही नको. तिचे तुकडे 29 इंचांचे. 28 इंची कडक सुटकेसच्या आत साधारण 66 बाय 46 सेंटिमीटर जागा असते, तिचा कर्ण 80 येतो. पातळ केसमध्ये घालून तिरकी ठेवा, खाली-वर जीन्स आणि टॉवेल.

काउंटरवर पाईप नेहमीच्या पट्ट्यावर टाकू देऊ नका, मोठ्या सामानाच्या जागेवर स्वतः नेऊन द्या. नाजूक म्हणून दिलेल्या सामानासाठी काही ठिकाणी जबाबदारी मर्यादित करणाऱ्या टॅगवर सही घेतात. सही करण्याआधी तो वाचा, आणि केस बंद करण्याआधीचे आतले फोटो फोनमध्ये ठेवा.

मोडलीच तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पट्ट्यावरून पाईप उचलला की विमानतळाबाहेर पडण्याआधी नुकसान बघण्यापुरता उघडा, लगेच बंद करा आणि काही मोडलं असेल तर तिथेच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार (विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल तर सामान हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. ती मुदत चुकली की दावा जवळजवळ संपला. 28 डिसेंबर 2024 पासून या करारात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा दर प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही, नुकसान सिद्ध करावं लागतं, म्हणून क्यूची पावती जपून ठेवा. क्यू त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळीच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे. हे काउंटरवरच्या माणसाला बहुधा समजावून सांगावं लागतं, तेव्हा जरा लवकर पोचा.

तुमची क्यू कुठली, अखंड की थ्री-क्वार्टर, हे प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही. तुकड्यांची लांबी टेपनं मोजून खाली कळवा, पाईप किती लांब कापायचा ते सांगतो. आणि तुमच्या क्लबातल्या ज्या मुलांचा तुम्ही उल्लेख केलात, त्यांच्यापैकी कुणी यंदा बाहेरगावी खेळायला जाणार असेल तर त्यांचीही मापं पाठवा.