भाऊबीजेला रिव्हॉल्व्हर? आधी परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहा

दिवाळी जवळ आली की ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. 'बहिणीला साडी नको, रिव्हॉल्व्हर द्या. आपल्या लायसन्सवर घ्या आणि तिच्या हाती सोपवा, घरच्या घरी कायदा आड येत नाही. जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. वडिलांची बंदूक तर मुलाची आपोआपच होते. लग्नकार्यात दोन बार काढायलाही कामी येईल.' यंदा तो मला माझ्या भाच्यानेच पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, कुठल्या दुकानातून घेऊ?" म्हणून लिहायला बसले.

घरच्या घरी चालतं, हे साफ खोटं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. भावाच्या परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर बहिणीच्या पर्समध्ये सापडलं, तर ते विनापरवाना हत्यार ठरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. हक्क नसलेल्याच्या हाती हत्यार देणाऱ्यावरही वेगळ्या कलमाखाली गुन्हा होतो. दुसऱ्याचं हत्यार परवान्याविना नेण्याची मुभा आहे ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी, आणि तीही परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी दिलं असेल तरच. म्हणजे भाऊरायाच्या ओवाळणीने बहीणच कोर्टाची पायरी चढायची.

खरा रस्ता लांबचा आहे. बहिणीचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज तिचा, कारण तिचं, पोलीस चौकशी तिची, हत्यार हाताळायचं प्रशिक्षणही तिचंच. २०१९ मध्ये तर आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना दहा रोपं लावायला सांगितलं होतं! परवाना तिच्या हातात आला की दुकानात जायचं. पैसे भावाने खुशाल द्यावेत, हत्याराचा नंबर मात्र तिच्या परवान्यावर चढतो. स्वतःचं जुनं हत्यार तिला द्यायचं असेल तर तिच्याकडे परवाना हवाच, शिवाय आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

दुकानाचं म्हणाल तर स्वस्त हा निकषच मला मान्य नाही. परवाना न मागता हत्यार दाखवणारा माणूस दुकानदार नव्हे. त्याच्याकडचा माल म्हणजे गावठी कट्टा, आणि कट्ट्याची नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. रीतसर विक्रेता मूळ परवाना पाहतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो, पक्कं बिल देतो. आपण नळीवरचा चाचणीचा ठसा पाहावा, हत्यारावरचा नंबर बिलाशी आणि परवान्याशी स्वतः ताडून घ्यावा. जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरसाठी लोक भरमसाट पैसे मोजतात, कारण सामान्य माणसासाठी आयात कित्येक वर्षं बंद आहे. त्या किमतीत नावाचंच मोल जास्त. सरकारी कारखान्याचं बत्तीस बोरचं 'निर्भीक' २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणूनच आलं, वजन साधारण अर्धा किलो. पण हलकं असलं तरी परवान्याची अट तीच.

वारशाचा मुद्दा मात्र मला जिव्हाळ्याचा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या काकांची बारा बोरची बंदूक त्यांच्या मागे कित्येक वर्षं कपाटात होती. दर खंडेनवमीला आम्ही तिला हळदकुंकू वाहत होतो आणि ती बेकायदा आहे हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. परवानाधारक गेला की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मग वारसाने स्वतःचा परवाना मागायचा. तो मिळेलच असं नाही. जिवंतपणीही देता येते, परवानाधारक सत्तरीचा झाला असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर. पण २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.

आणि लग्नातले बार? हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवात लेकरं असतात.

भाच्याला हे सगळं सांगितलं. मग विचारलं, "ताईला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्याने तिला फोन केला. ती म्हणाली, "घरात दोन लहान मुलं आहेत. मी ते ठेवू कुठे?"