खुलासा: पहिली रेकॉर्ड आणि 'अग्निमीळे पुरोहितम्'

ग्रामोफोनचा शोध एडिसनने लावला, पहिल्या रेकॉर्डसाठी त्याने संस्कृतचे अभ्यासक मॅक्स मुलर यांना बोलावलं, मुलरने 'अग्निमीळे पुरोहितम्' ही ऋग्वेदातली पहिली ऋचा म्हटली आणि ती रेकॉर्ड एचएमव्हीने ('हिज मास्टर्स व्हॉइस') काढली, असा मेसेज पुन्हा फिरतोय. तारखा नुसत्या शेजारी ठेवल्या तरी ही गोष्ट टिकत नाही.

एडिसनचं यंत्र फोनोग्राफ, 1877 सालचं. सिलिंडरवर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा आणि सुईने त्यावर आवाज कोरायचा. पहिली चाचणी अमेरिकेत, त्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत झाली. त्या वेळी आपण मेरीच्या कोकराचं बडबडगीत म्हटलं, असं एडिसननेच पुढे सांगितलं आहे. मुलर तेव्हा ऑक्सफर्डला होते.

सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा. पेटंट 1887 चं. लंडनची ग्रामोफोन कंपनी 1898 मध्ये, बर्लिनरच्या पेटंटवर निघाली. एडिसन तिचा मालक नव्हता, उलट प्रतिस्पर्धीच म्हणा. ग्रामोफोन ऐकणाऱ्या कुत्र्याचं चित्र, जे पुढे एचएमव्हीची खूण झालं, ते तिने 1899 मध्ये विकत घेतलं आणि एचएमव्ही हे नाव रेकॉर्डवर आलं ते 1909 च्या सुमारास. मुलर 1900 मध्येच वारले होते.

खरं तर एडिसनच्याही आधी, 1860 मध्ये, पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिलने काजळी लावलेल्या कागदावर गाण्याच्या लहरी उमटवल्या होत्या. तो आवाज ऐकू आला थेट 2008 मध्ये, संगणकाच्या मदतीने! फॉरवर्ड करण्याजोगी गोष्ट ही आहे.

ऋग्वेदाच्या थोरवीला या मेसेजची गरज नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.