पोषणाच्या बैठकीला नवऱ्यांनाही बसवा

सप्टेंबर आला की सरकारच्या पोषण अभियानाचा पोषण माह सुरू होतो. भाज्यांची रांगोळी, तिरंगा थाळी, फोटो, अपलोड, संपलं. असल्या कार्यक्रमांची टिंगल करणं सोपं आहे आणि बरीचशी टिंगल रास्तही आहे. पण त्याच अंगणवाडीत एरवी ज्या साध्या माता बैठका होतात, त्यांनी घरातलं खाणं बदलताना मी पाहिलंय. अट एकच, तिथे चूल पेटली पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यांना 'पालेभाज्या खा' म्हणून काय सांगायचं? घोळ, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला त्या आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. गोम असते ती बारीकसारीक सवयींत.

आमच्याकडच्या एका बैठकीत सेविकाताईंनी तांदुळजा आधी धुतला, मग चिरला. एका आजींनी तिथल्या तिथे अडवलं, "आम्ही चिरून धुतो. माती कशी निघायची?" ताई वाद घालत बसल्या नाहीत. चिरलेली मूठभर भाजी वाटीतल्या पाण्यात टाकली, जरा चोळली. पाणी हिरवट झालं. "हे मोरीत ओतता ना, आजी?" आजींनी वाटीत डोकावून पाहिलं. "मग आधीच तीन पाण्यातनं काढावी लागंल." "काढा की!"

चहाचंही तेच. जेवणावर लगेच चहा घेतला की भाजी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं, लिंबू पिळलं की जास्त लागतं. 'चहा सोडा' म्हटलं असतं तर पुढच्या बैठकीला कुणी फिरकलं नसतं. ताई म्हणाल्या, तासभर मागे ढकला. एवढं जमतं लोकांना. नवा पदार्थ शिकवण्यापेक्षा रोजच्या ताटात असा छोटा फेरफार जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

पण सून कितीही शिकली तरी बाजार कोण करतं? सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते कोण खातं? लेकराला पाच रुपयांचा बिस्किटपुडा कोण आणून देतं? पोषण अभियानात पुरुषांसाठी सुपोषण दिवस आहे. कागदावर आहे. प्रत्यक्षात नवरा बायकोला गाडीवरून सोडतो आणि बाहेर मोबाईल बघत उभा राहतो. त्याला आत ओढायला काय हरकत आहे?

शिवाय शिकवायचं एक आणि द्यायचं दुसरं, हे कसं चालेल? नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ज्या गावात मजुरीवर घर चालतं तिथे वर्गणी कुणाकडून काढायची? आणि प्रथिनांचा तक्ता भिंतीवर तसाच.

तेव्हा अंडं परत आणा. बैठका भर दुपारी न ठेवता संध्याकाळी घ्या, म्हणजे रानातनं आलेला गडीही बसेल. आणि हो, त्या जादा वेळेचे सेविकांना वेगळे पैसे द्या, आहे त्या मानधनात ते काम खपवू नका.